पक्का दात हलतोय आणि दवाखाना बंद आहे: किशोरवयीन मुलांच्या पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दंतवैद्य आहे. दवाखाना बंद झाला की माझ्या फोनवर हे प्रश्न यायला लागतात. पाठवणारे बहुतेक आई-वडील असतात, कधी खेळाचे शिक्षक, तर कधी मुलं स्वतः. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. घाईत असाल तर आधी प्रश्न ३ आणि ५ वाचा, बाकीचं नंतर.

१. पक्का दात हलायला लागला म्हणजे आता तो जाणारच का?

नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण नुकसान इथेच होतं. घरातल्या सगळ्यांच्या हातांना दुधाच्या दातांची सवय असते. हलला की जिभेने ढकलायचा, बोटाने फिरवायचा, दोन दिवसांत काढून टाकायचा. पण दुधाचा दात हलतो तो खालून येणाऱ्या दातामुळे त्याचं मूळ विरघळून गेलेलं असतं म्हणून. त्याला धरून ठेवणारं काही उरलेलंच नसतं.

पक्क्या दाताचं मूळ पूर्ण लांबीचं, हाडात रोवलेलं असतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक थर असतो, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा, आणि दात त्या तंतूंवर तोललेला असतो. मार बसला की काही तंतू ताणले जातात, काही तुटतात, थोडं रक्त साकळतं आणि दात हलतो. शांत ठेवला तर तंतू पुन्हा जुळतात. जागेवर असलेला आणि थोडासाच हलणारा दात एक-दोन आठवड्यांत घट्ट झालेला मी कितीदा पाहिला आहे. सारखा हात लावलात तर जुळत आलेले तंतू पुन्हा तुटतात.

२. मुलगा बारा-तेरा वर्षांचा आहे. हा दुधाचाच दात नसेल कशावरून?

पुढचे चार वरचे आणि चार खालचे पटाशीचे दात साधारण ६ ते ९ वर्षांच्या दरम्यान बदलतात. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलाचा पुढचा दात हलत असेल तर तो जवळपास नक्कीच पक्का आहे. दुधाच्या दाढा साधारण ९ ते १२ व्या वर्षी पडतात, वरचे सुळेही साधारण त्याच सुमारास. त्यामुळे बाजूचा दात असेल तर शंका रास्त आहे. दुधाची दाढ ठेंगणी आणि जास्त पांढरी दिसते.

एक गोष्ट मात्र फार जणांना चकवते. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे जी दाढ येते ती कोणताही दात न पडता येते. त्यामुळे ती दुधाचीच समजली जाते. ती पक्की आहे आणि तिच्या जागी दुसरी येणार नाही. खात्री नसेल तर दात पक्का धरूनच वागा. त्यात तोटा काहीच नाही.

३. आत्ताच पडलाय, तोंडातून रक्त येतंय. पहिल्या दहा मिनिटांत काय करू?

आधी मुलाला बसवा आणि तो शुद्धीवर आहे, नीट बोलतोय, हे पाहा. डोक्याला मार असेल तर दाताचं सगळं मागे ठेवा आणि थेट प्रश्न ५ कडे जा.

हात धुवा. साध्या पाण्याने एकदा हलकी चूळ भरायला सांगा, खळखळून नको. मग टॉर्च लावून ओठ हळूच उचला आणि पाहा: दात रांगेत आहे का, लांब किंवा आखूड दिसतोय का, तुकडा उडालाय का. मग मुलाला हळूच दात मिटायला सांगा. वरचे-खालचे दात नेहमीसारखे जुळतात का, हा त्या घटकेचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मुलालाच सगळ्यात आधी कळतं.

हिरडीतून रक्त येत असेल तर स्वच्छ ओलं कापड किंवा गॉजची घडी तिथे धरून ठेवायची. बाहेरून, ओठावर किंवा गालावर, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. तुकडा उडाला असेल तर तो शोधून दुधात ठेवा, पुष्कळदा तोच परत चिकटवता येतो. सापडला नाही आणि ओठ फाटून सुजला असेल तर तो ओठात रुतलेला असू शकतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मुलाला खोकला लागला असेल किंवा श्वासाला घरघर असेल तर तुकडा श्वासनलिकेत गेल्याची शंका घ्या आणि हॉस्पिटल गाठा.

४. किती हलतोय ते कळावं म्हणून व्हिडिओ पाठवलाय. पाहाल का?

मला असे व्हिडिओ फार येतात. आईचं बोट दातावर, दात मागे-पुढे, मागून आवाज: “बघा, एवढा हलतोय.” त्यामागची काळजी मला कळते. पण तो दात त्या दहा सेकंदांत पाच वेळा हलवलेला असतो आणि नीट दिसावा म्हणून बहुधा आधी दोनदा सरावही झालेला असतो. कृपा करून व्हिडिओ नको.

फोटो पाठवा. एक दात मिटून समोरून, ओठ बाजूला करून. दुसरा तोंड उघडून, दातांची कड दिसेल असा. सोबत लिहा: किती वाजता लागलं, कशाने लागलं, दात मिटताना जुळतात का, मुलाला काही आजार किंवा औषधं चालू आहेत का. पडण्याआधीचा हसतानाचा एखादा फोटो असेल तर तोही. दात सरकलाय का हे त्यावरून पटकन कळतं. तुमचे नेहमीचे डेंटिस्टही हेच विचारतील.

५. सकाळपर्यंत थांबू की आत्ताच निघू?

ताबडतोब हॉस्पिटल, दातासाठी नव्हे तर मुलासाठी: बेशुद्ध झाला होता, उलट्या होतायत, गुंगी येतेय, बोलणं असंबद्ध आहे, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव येतोय, श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होतोय, जबडा मिटत किंवा उघडत नाही, किंवा दाब देऊनही रक्त थांबत नाही.

आज रात्रीच दंतवैद्य शोधा: दात जागेवरून सरकलाय, लोंबतोय, हिरडीत आत घुसलाय, दात मिटताना तो आडवा येतोय किंवा पूर्ण निघून आलाय. आणखी एक खूण, जी लोक सांगत नाहीत कारण ती त्यांना महत्त्वाची वाटत नाही: एक दात हलला की शेजारचे दोन-तीन दातही त्याच्यासोबत एका तुकड्यासारखे हलतात. तसं असेल तर दाताखालचं हाड तुटलेलं असतं. अशा वेळी काही तासांत उपचार झाले तर निकाल चांगला येतो. तुमचे डेंटिस्ट फोन उचलत नसतील तर दंत महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा तोंड व जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विभाग असलेलं मोठं हॉस्पिटल पाहा. निघण्याआधी फोन करून तिथे आत्ता दंतवैद्य आहे का हे विचारा. प्रत्येक तातडीच्या विभागात तो असतोच असं नाही.

सकाळी गेलं तरी चालेल: दात रांगेत आहे, थोडासाच हलतो, दाबल्यावर दुखतो, हिरडीच्या कडेला थोडं रक्त आहे, पण दात नेहमीसारखे मिटतात. मात्र सकाळी म्हणजे सकाळीच. “सोमवारी परीक्षा आहे, पुढच्या आठवड्यात बघू” असं नको.

६. दात थोडा बाहेर आल्यासारखा लांब दिसतोय. दाबून आत बसवू का?

अशा दातात मूळ हाडातून थोडं बाहेर सरकलेलं असतं आणि दात सहज हलतो. दवाखाना लांब असेल तर स्वच्छ बोटाने कडेवर हळूच, सरळ मुळाच्या दिशेने एकदाच दाब द्या. किंवा मुलाला मऊ कापडाच्या घडीवर हलकेच दात मिटायला सांगा. सहज सरकला तर बरं. दुखलं, अडलं तर तिथेच सोडा. जोर करायचा नाही.

दात जिभेकडे किंवा ओठाकडे वाकून अडकला असेल तर मात्र हातही लावू नका. त्याचं मूळ हाडाची भिंत फोडून तिथे अडकलेलं असतं. ते भूल देऊनच सोडवावं लागतं.

७. दात अजिबात हलत नाही, फक्त आधीपेक्षा आखूड दिसतो. मग काळजी नाही ना?

उलट, जास्त आहे. मार जोराचा असेल तर दात खिळ्यासारखा हाडात ठोकला जातो. मग तो हलत नाही, दुखतही कमी, आणि घरच्यांना वाटतं सुटलो. मुळाचं आणि आतल्या नसेचं सगळ्यात जास्त नुकसान याच मारात होतं. ओढून बाहेर काढायचा प्रयत्न करू नका आणि आजच दाखवा.

८. बोलता बोलता दात निघून हातातच आला! आता?

आता मिनिटं मोजायची. दात वरच्या पांढऱ्या भागाने धरा, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दूध, सलाइन किंवा थंड साध्या पाण्याखाली काही सेकंद धुवा. घासायचं नाही, पुसायचं नाही. मुळावर चिकटलेलं लालसर काही दिसलं तर ते राहू द्या, ते तेच तंतू आहेत. दाताची बाजू बरोबर आहे हे शेजारच्या दाताकडे पाहून ठरवा, खड्ड्यात हळूच बसवा, मुलाला कापडाच्या घडीवर दात मिटून ठेवायला सांगा आणि निघा.

बसवायची हिंमत होत नसेल तर दात थंड दुधात बुडवून सोबत न्या. दूध नसेल तर छोट्या भांड्यात मुलाला थुंकायला सांगून त्या लाळेत ठेवा. टिश्यूत गुंडाळून खिशात ठेवणं सगळ्यात वाईट, कारण कोरडा राहिलेला दात ६० मिनिटांत मुळावरच्या जिवंत पेशी गमावून बसतो. पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवणंही वाईट, पण कोरडा ठेवण्यापेक्षा बरं.

घरी बसवू नये अशी वेळ तीनच: दात दुधाचा आहे, मूल पूर्ण शुद्धीवर नाही, किंवा मुलाला हृदयाचा गंभीर आजार अथवा प्रतिकारशक्ती खूप कमी करणारा आजार वा उपचार आहे. शेवटच्या बाबतीत दात दुधात ठेवा आणि निर्णय डॉक्टरांवर सोडा.

९. दुखणं थांबायला कोणती गोळी देऊ?

पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन, वेष्टनावर वयानुसार दिलेल्या मात्रेत. दमा, पोटातला अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा रक्त गोठण्याचा आजार असेल तर आयब्युप्रोफेन न विचारता देऊ नका. १६ वर्षांखालच्या मुलाला ॲस्पिरिन अजिबात नको. त्याने रक्तही जास्त वाहतं आणि या वयात यकृत-मेंदूवर परिणाम करणारा एक दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, तिथलं कातडं भाजून निघतं. लवंगेचं निव्वळ तेलही तसंच भाजतं. आधीच्या आजारातली उरलेली अँटिबायोटिक घरात असेल तर ती तशीच राहू द्या.

१०. कापूस धरलाय पण रक्त थांबतच नाही.

बहुतेकदा दर मिनिटाला कापूस उचलून पाहिलं जातं, म्हणून थांबत नाही. घड्याळ लावून पंधरा मिनिटं न उचलता दाबून धरा. लाळेत मिसळलेलं थोडं रक्त खूप वाटतं, घाबरू नका. दोनदा असं करूनही वाहत राहिलं तर हॉस्पिटल. ओठ किंवा हनुवटी रस्त्यावर खरचटून फाटली असेल तर धनुर्वाताची लस शेवटची कधी झाली हेही पाहून ठेवा.

११. सकाळपर्यंत दात दोऱ्याने किंवा गोंदाने शेजारच्या दाताला बांधला तर?

नको. झटपट चिकटणारा गोंद हिरडी भाजतो आणि दात चुकीच्या जागी पक्का करतो. दोरा तंतूंना आणखी ताण देतो. सगळ्यात घातक म्हणजे रबर बँड. दात वर रुंद आणि खाली निमुळता असतो, त्यामुळे रबर हळूहळू मुळाकडे सरकतं, हिरडीखाली दिसेनासं होतं आणि मुळाभोवतीचं हाड खात जातं. धडधाकट दात केवळ त्यापायी गमवावे लागतात.

१२. खायला काय देऊ? ब्रश करू की नको?

चमच्याने कुस्करेल असं मऊ आणि कोमट, मागच्या दातांनी, दुसऱ्या बाजूने. पुढच्या दातांनी काहीही तोडायचं नाही, नखं आणि पेनाचं टोपणसुद्धा. हे साधारण दोन आठवडे.

ब्रश करायचाच. दुखतं म्हणून तो भाग सोडला की तिथे कीटण साचतं, हिरडी सुजते आणि तंतू जुळायला वेळ लागतो. अगदी मऊ ब्रश, हिरडीकडून दाताच्या कडेकडे, हलक्या हाताने. पहिल्या दिवसानंतर जेवण झालं की कोमट मिठाच्या पाण्याची संथ चूळ. डेंटिस्टने क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश दिला तर तो सांगतील तेवढेच दिवस.

१३. झोपेत दात पडून घशात गेला तर? मी रात्रभर जागी बसू का?

दात इतका लोंबत असेल की ही भीती खरी वाटते, तर तो सकाळपर्यंत थांबवण्याचा दात नाही. प्रश्न ५ मधल्या “आज रात्रीच” मध्ये तो येतो. थोडासाच हलत असेल तर तो झोपेत आपोआप निघत नाही. डोक्याखाली एक जास्तीची उशी द्या, पाठीवर झोपवा आणि तुम्हीही झोपा. काढता-घालता येणारं रिटेनर किंवा अलाइनर वापरत असेल तर विचारल्याशिवाय हलत्या दातावर चढवू नका, काढताना दात खेचला जातो. डोक्याला मार असेल तर हा सल्ला लागू नाही, तिथे डॉक्टर सांगतील तसं.

१४. मुलीला ब्रेसेस आहेत. तिचा दात हलणं नॉर्मल ना?

थोडं हलणं, हो. हाडातून दात सरकवायचा म्हणजे त्याची पकड तात्पुरती सैल करावीच लागते. पण एकच दात बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त हलत असेल किंवा मार लागल्यानंतर हलायला लागला असेल तर ऑर्थोडॉन्टिस्टला कळवा. तार घरी कापू नका. मार लागलेल्या दाताला तीच आधार देत असते. टोचत असेल तर त्या टोकावर ब्रेसेससाठी मिळणारं मेण लावा.

१५. कुठेच लागलेलं नाही, तरी पक्का दात हलतोय. असं कसं?

आधी एकट्यात, शांतपणे पुन्हा विचारा. मार लागलेला असतो पण सांगितलेला नसतो, हे फार वेळा निघतं (प्रश्न १९).

खरंच लागलं नसेल तर कारणं निराळी. या वयात मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती हिरडीच्या एका खास आजाराची. तो पुढचे पटाशीचे दात आणि पहिल्या दाढा धरतो, मुळाभोवतीचं हाड झपाट्याने खातो, आणि दात वरून स्वच्छ दिसतात. कीटण नाही, फारसं दुखणं नाही. पूर्वी याला आक्रमक पेरिओडॉन्टायटिस म्हणत. हिरडीच्या आजारांच्या २०१७ च्या वर्गीकरणात ते नाव गेलं, आजार तोच आहे. घरात भावंडांना किंवा आई-वडिलांना तरुणपणीच दात हलण्याचा त्रास झाला असेल तर तो जरूर सांगा, कारण तो घराण्यात चालतो. लवकर सापडला तर दात वाचतात.

दुसरं कारण, वाट चुकलेला वरचा सुळा. तो हाडातच अडकून शेजारच्या पटाशीच्या दाताचं मूळ विरघळवतो. तेरा-चौदा वर्षांचं मूल, एका बाजूचा सुळा आलेला, दुसऱ्या बाजूचा नाही आणि तिथलाच पटाशीचा दात हलतोय, असं दिसलं तर एक्स-रे हवाच. याशिवाय रात्री दात खाणं, मुळाशी पू होणं, जबड्यातली गाठ, नियंत्रणात नसलेला मधुमेह. हिरड्या सुजून सतत रक्त येणं, अंगावर निळे डाग, वजन घटणं, थकवा हे सोबत असेल तर डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी लगेच करून घ्या.

यातलं बहुतेक आज रात्रीचं काम नाही, पण याच आठवड्यातलं आहे.

१६. हलणाऱ्या दाताजवळ हिरडीवर पुळी आलीय आणि ताप आहे.

तिथे पू झाला आहे. फोडू नका, शेकू नका. नुसती पुळी असेल तर सकाळी पहिल्या वेळेला दाखवा. सूज गालावर, डोळ्याखाली किंवा जबड्याखाली पसरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळताना त्रास होत असेल तर रात्रीच हॉस्पिटल.

१७. सकाळी गेल्यावर काय करतील? दात काढतील का?

काढणं हा शेवटचा पर्याय असतो. वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे काढतील, कारण मूळ तुटलं असेल तर ते एकाच कोनातून निसटू शकतं. थोडाच हलणारा दात पुष्कळदा नुसता सांभाळायला सांगतात. जास्त हलत असेल तर शेजारच्या दातांना पातळ लवचिक तार चिकटवतात, साधारण दोन आठवडे. दात बाजूला सरकला किंवा हाड तुटलं असेल तर चार आठवडे. मूळ हिरडीच्या अगदी जवळ तुटलं असेल तर चार महिन्यांपर्यंत.

थंड लावून नस तपासतात. त्या दिवशी मुलाला काहीच जाणवलं नाही तरी दात मेला असं समजू नका. मार लागलेली नस तीन महिन्यांपर्यंत गप्प राहू शकते.

१८. चार दिवसांत दात घट्ट झाला. आता पुन्हा कशाला जायचं?

दात घट्ट झाला म्हणजे तंतू जुळले. आतली नस टिकली का, हे नंतर कळतं. म्हणून दोन आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि वर्षाने तपासणी. मधल्या काळात दात करडा दिसायला लागला, हिरडीवर छोटी पुळी आली किंवा चावताना दुखलं तर तारखेची वाट पाहू नका. पुढच्या दाताच्या मुळाचं टोक दहाव्या वर्षाच्या आसपास बंद होतं. ते उघडं असेल तर आत नवा रक्तपुरवठा पोहोचू शकतो. पंधरा वर्षांच्या मुलात ती शक्यता कमी आणि रूट कॅनल लागण्याची शक्यता जास्त.

खेळाचं विचाराल तर तार निघेपर्यंत धक्काबुक्कीचे खेळ बंद. त्यानंतर मापाचं माउथगार्ड घालूनच.

१९. मुलीने दोन दिवस लपवलं. आता उपयोग आहे का, आणि तिला काय बोलू?

उपयोग आहे. दोन दिवसांनीही एक्स-रे, तार आणि देखरेख यांनी बरंच वाचतं. आजच भेटीची वेळ घ्या. बोलण्याचं म्हणाल तर “आधी का नाही सांगितलंस” हे वाक्य आज गिळा. मुलं लपवतात त्यामागे काहीतरी असतं: न विचारता चालवलेली गाडी, मारामारी, किंवा तिला कोणीतरी मारलं असेल. शेवटची शक्यता मनात ठेवून, घाई न करता, एकट्यात विचारा. दात मी बघेन. ते विचारणं तुमच्याच हातात आहे.

२०. मी सोळा वर्षांचा आहे. संध्याकाळी कोपर लागून पुढचा दात हलतोय. घरी सांगितलं नाही. आपोआप बसेल ना?

बसेलही, पण बसण्यासारखा आहे का हे आरशात बघून तुला ठरवता येणार नाही. जीभ त्या दातापासून लांब ठेव. ती आत्ताही तिथेच जातेय, मला माहीत आहे. दात हळूच मिट. आधीसारखे जुळत नसतील तर ही रात्र थांबायची नाही. जुळत असतील तर सकाळी जायचं. दोन्हीकडे तुला सोबत लागेल, म्हणून आत्ता उठ आणि घरात ज्यांना सांगणं सगळ्यात सोपं वाटतं त्यांना जागं कर. काय सांगायचं सुचत नसेल तर हा प्रश्न उघडून फोन त्यांच्या हातात दे.